अण्णांचे मृत्युपत्र आणि मायची सोय

आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, मृत्युपत्र करायचेच नव्हते. त्यांना सगळी जमीन हयातीतच माझ्या भावाच्या नावावर करून मोकळे व्हायचे होते, आणि तेही बक्षीसपत्राने; कारण मुलाला शेतजमीन बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये लागते, हे तहसील कचेरीसमोर बसणाऱ्या एका दस्तलेखकाने त्यांच्या मनावर चांगले बिंबवले होते. निमित्त झाले ते २०२५ साली राज्य सरकारने काढलेल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेचे. मयत खातेदारांची नावे कमी करून वारसांची नावे लावण्यासाठी ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे गावाच्या तोंडी अजूनही तलाठीच, गावात येऊन बसले, तेव्हा वीस-पंचवीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसांच्या नावावर अजून किती जमीन आहे आणि तिच्यावरून किती भावकीत बोलणे बंद आहे, ते चावडीवर सगळ्यांसमोर उघडे पडले. ‘माझ्यामागं तुमचं असं व्हायला नको,’ असे म्हणून अण्णांनी त्याच आठवड्यात मला आणि ताईला बोलावून घेतले.

आमचे गाव लातूर जिल्ह्यातले, किल्लारीच्या परिसरातले. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि २००३ मध्ये निवृत्त झाले. वडिलोपार्जित दहा एकर जमीन, नोकरीच्या पगारातून १९८६ मध्ये विकत घेतलेली तीन एकर, भूकंपानंतर पुनर्वसनात मिळालेले घर, बँकेतल्या काही ठेवी आणि निवृत्तिवेतन, एवढाच काय तो संसार. भाऊ शेती पाहतो आणि आईवडील त्याच्याजवळ राहतात. ताई उदगीरकडे दिलेली, मी छत्रपती संभाजीनगरात नोकरी करते. घरात वाद नव्हता, आणि वाद नाही तोवरच हे सगळे लिहून ठेवावे असे मला वाटत होते. भावाचे मत मात्र उलट होते. वाद नसताना वकिलाकडे जाणे म्हणजे वादाला आवतण देणे, असे तो म्हणे.

लातूरच्या ज्या वकीलबाईंकडे आम्ही गेलो, त्यांनी ‘कोणाला काय द्यायचे’ हे विचारलेच नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘गुरुजी, तुमचे वडील कोणत्या साली वारले?’ अण्णा चक्रावले. पण पुढच्या अर्ध्या तासात आम्हाला कळले की सगळ्या हिशेबाची किल्ली याच एका सालात आहे. हिंदू वारसा कायदा १९५६ मध्ये आला. त्यानंतर वडील वारले आणि त्यांची स्वतंत्र मालमत्ता कलम ८ प्रमाणे मुलाकडे आली, तर ती त्या मुलाची स्वतःची समजली जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये स्पष्ट केले आहे. तिचे मृत्युपत्र त्याला हवे तसे करता येते. त्याआधी आजोबा वारले असतील आणि जमीन एकत्र कुटुंबाची म्हणून आलेली असेल, तर मात्र तिच्यात मुलामुलींचा जन्मतः हक्क असतो आणि बापाला फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते. आमचे आजोबा गेले तेव्हा अण्णा आठ वर्षांचे होते, म्हणजे साल १९५३. जमीन सहहिस्सेदारीची ठरली.

हे तोंडी सांगून भागत नाही. आजोबांच्या मृत्यूचा दाखला असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि १९७१ मध्ये अण्णा व काका यांच्यात झालेल्या वाटणीचा जो कागद होता, तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात माळवदाच्या मातीखाली गेला. आमच्या भागातल्या कितीतरी घरांचे असेच झाले आहे. माणसे वाचली ती नशिबाने, कागदाकडे कोण पाहणार होते? शेवटी जुने फेरफार आणि १९५४-५५ चे खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, यांवर भिस्त ठेवावी लागली. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादेतून, म्हणजे आजच्या धाराशिवातून, वेगळा झाला. त्यामुळे कोणता कागद कोणत्या अभिलेख कक्षात असेल याची शाश्वती नव्हती. वारसाच्या फेरफारात आजोबा ‘फौत’ झाल्याची नोंद अखेर सापडली. तिच्यातले निम्मे शब्द उर्दू वळणाचे होते आणि ते लावून घ्यायला अण्णांच्याच एका जुन्या सहकाऱ्यांची मदत झाली. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत सोसायटीच्या पीककर्जाचा बोजाही तसाच होता. कर्ज फिटून कैक वर्षे लोटली होती, पण बेबाकीचा दाखला देऊन बोजा कमी करायचे कोणाच्या ध्यानीमनी आले नव्हते. मृत्युपत्र करायला निघालेल्या माणसाने आधी सातबारा आणि आठ अ, म्हणजे खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा, काढून ते सावकाश वाचावेत. अर्धी कामे तिथेच दिसतात.

मग वकीलबाईंनी कोऱ्या कागदावर हिशेब मांडला. वडिलोपार्जित दहा एकरांची आज कागदोपत्री वाटणी झाली असे धरले, तर अण्णा, माय, भाऊ, ताई आणि मी असे पाच हिस्से पडतात. म्हणजे अण्णांचे दोन एकर. ज्या दहा एकरांचे ते बक्षीसपत्र करायला निघाले होते, त्यांतले आठ एकर त्यांना देता येण्यासारखे नव्हतेच. भावाला याचा धक्का बसला. ताईचे लग्न १९९२ मध्ये झाले, आणि महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीत आधी लग्न झालेल्या मुलींना हक्क नव्हता, म्हणून तिचा हिस्सा नाहीच असे तो आजवर धरून चालला होता. पण केंद्राच्या कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून झालेल्या दुरुस्तीने लग्नाची ती अट राहिली नाही, आणि मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा प्रकरणातील निकालात सांगितले आहे. भाऊ बराच वेळ गप्प होता. नंतर त्याने एवढेच विचारले, ‘मग मी इतकी वर्षं बहिणींच्या रानात राबलो का?’ हा प्रश्न चुकीचा म्हणता येणार नाही. कायद्याने हिस्सा बरोबर मोजला, पण बांधावर उभे राहून काढलेली वर्षे त्या हिशेबात कुठेच येत नाहीत, आणि ती मृत्युपत्रात आणायची असतील तर ती जागा अण्णांच्या स्वकष्टार्जित तीन एकरांत होती. ती जमीन त्यांच्या पगाराची, खरेदीखत त्यांच्या एकट्याच्या नावाचे. तिचे काय करायचे ते सर्वस्वी त्यांच्या हातात होते.

आता बक्षीसपत्राविषयी. बक्षीसपत्र नोंदले गेले की मालकी त्याच दिवशी जाते; मृत्युपत्र मात्र करणारा शुद्धीवर आणि हयात असेपर्यंत केव्हाही बदलता येते किंवा रद्द करता येते. इतका साधा फरक, पण तो न कळल्यामुळे काय होते ते आमच्या पंचक्रोशीत लोकांनी पाहिले आहे. एका जाणत्या शेतकऱ्याने सगळे रान मुलाच्या नावे केले आणि नंतर औषधाला पैसे मागायचीही त्याला चोरी झाली. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठी २००७ मध्ये झालेल्या कायद्याच्या कलम २३ मध्ये यावर उपाय आहे: मूलभूत सुविधा आणि गरजा पुरवण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि घेणारा ते करीत नसेल, तर ते हस्तांतरण न्यायाधिकरणाकडून शून्य ठरवून घेता येते. न्यायाधिकरण म्हणजे आपले उपविभागीय अधिकारी. पण खोच आहे ती ‘अटीवर’ या शब्दात. अट असल्याचे दिसत नसेल तर कलम २३ चा आधार मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले. पुढे जानेवारी २०२५ च्या उर्मिला दीक्षित प्रकरणात या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा आणि न्यायाधिकरणाला मालमत्तेचा ताबा परत देण्याचाही आदेश करता येतो, असे सांगितले. दस्तलेखकाने अण्णांसाठी जो मसुदा करून ठेवला होता, त्यात अशा अटीचे अक्षरही नव्हते. ‘प्रेमापोटी व आपुलकीपोटी’ एवढेच होते.

याच कायद्याखाली पोटगीही मागता येते, तिची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. २०२० मध्ये लातूर जिल्हा परिषदेने तर ठराव केला होता की जो कर्मचारी आईवडिलांना सांभाळत नाही त्याच्या पगारातून ३० टक्के कापून ते थेट आईवडिलांच्या खात्यावर भरावेत, आणि पुढे काही जणांचे पगार खरोखरच कापले गेले. अण्णांना ही बातमी पाठ होती. शिक्षक आणि ग्रामसेवकांची नावे त्या यादीत येऊ शकतात याचे त्यांना फार वाईट वाटत असे. पण उपविभागीय अधिकाऱ्यासमोर स्वतःच्या मुलाविरुद्ध अर्ज घेऊन उभे राहण्याची ताकद ऐंशीव्या वर्षी किती जणांत असते? वकीलबाईंचे म्हणणे होते की हा कायदा शेवटचा आधार म्हणून असू द्यावा, नियोजन मात्र त्याची गरजच पडणार नाही असे करावे. अण्णांनी बक्षीसपत्राचा विचार सोडला तो इथे.

भावाला हे समजावणे हा सगळ्यांत अवघड भाग होता. ‘म्हणजे माझ्यावर भरवसा नाही,’ असे तो म्हणाला, आणि वहिनी तर दोन दिवस आमच्याशी नीट बोलल्या नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर मलाही लागले असते. ज्या बाईने सासूचे पथ्यपाणी केले, तिच्यासमोर आम्ही शहरातून येऊन सासूच्या सुरक्षिततेच्या गोष्टी करीत होतो. कोंडी फोडली ती अण्णांनी. ते म्हणाले, ‘भरवसा तुझ्यावर हाय. पर तुझं काई बरंवाईट झालं तर मंग कोनावर ठिवायचा?’ मुलगाच आधी जाऊ शकतो हा विचार आमच्यापैकी कोणाच्या मनात आला नव्हता. त्यानंतर चर्चेचा रोख बदलला आणि भाऊ स्वतः कागदपत्रे गोळा करू लागला.

मायसाठी काय लिहायचे, यात आमचा सर्वाधिक वेळ गेला आणि जायलाच हवा होता. आमचा पहिला विचार सगळीकडे करतात तसाच होता: घर भावाला, आणि मायला तिथे तहहयात राहण्याचा हक्क. वकीलबाईंनी तो मोडून काढला. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ मध्ये दोन पोटकलमे आहेत. मृत्युपत्राने बाईला मर्यादित हक्क दिला तर दुसऱ्या पोटकलमाप्रमाणे तो मर्यादितच राहतो. पण तोच हक्क तिच्या आधीपासूनच्या पोटगीच्या अधिकारापोटी दिला असेल, तर पहिल्या पोटकलमाप्रमाणे तो पूर्ण मालकीत बदलतो, असे १९७७ च्या तुलसम्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. म्हणजे ‘राहण्यापुरता हक्क’ असे लिहिले तरी पुढे नातवंडे कोर्टात भांडू शकतात की आजीचा हक्क मर्यादित होता की पूर्ण. त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या दावे चालले आहेत. ‘अर्धवट द्यायचे असेल तर अगदी विचार करून शब्द घालू, नाहीतर पूर्ण द्या,’ असे त्या म्हणाल्या. माय तोवर कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, ‘द्यायचं तर घर द्या. घरातला कोपरा देऊ नगा.’

घर मग मायलाच द्यायचे ठरले. इथेही एक गाठ होती. पुनर्वसनातल्या घराचा कबाला, म्हणजे मालकीचा कागद, अण्णांच्या नावे असला, तरी ते पडलेल्या वडिलोपार्जित वाड्याच्या बदल्यात मिळालेले असल्यामुळे तेही सहहिस्सेदारीचे आहे, असे उद्या कोणी म्हणू शकते. म्हणून आम्ही तिघा भावंडांनी त्या घरातला आमचा जो काही हिस्सा असेल तो मायच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडला, आणि अण्णांनी आपला हिस्सा मृत्युपत्राने तिला दिला. वडिलोपार्जित जमिनीतले अण्णांचे दोन एकरही मायलाच, पूर्ण मालकीने. हिंदू वारसा कायद्याच्या कलम ३० प्रमाणे एकत्र कुटुंबातल्या अविभक्त हिश्श्याचेही मृत्युपत्र करता येते, त्यासाठी आधी वाटणी व्हावी लागत नाही.

हक्कसोडीवरून ताईने एकदम सगळेच सोडायची तयारी दाखवली. मराठवाड्यात भावाकडून साडीचोळी घ्यावी आणि हक्क सोडावा ही रीत अजून जोरात आहे, आणि सोडला नाही तर माहेर तुटते ही भीतीही खरी आहे. पण वकीलबाईंनी एक बारकावा सांगितला तो बहुतेक बहिणींना माहीत नसतो. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क आजच आहे, म्हणून तो आज सोडता येतो. वडिलांच्या स्वकष्टार्जित जमिनीत त्यांच्या हयातीत तिचा काहीच हक्क नसतो, फक्त आशा असते, आणि नुसत्या आशेचे हस्तांतरण संपत्ती हस्तांतरण कायद्याला मान्य नाही. तेव्हा वडील जिवंत असताना ‘सर्व स्थावर मिळकतीवरील हक्क सोडला’ असे लिहून घेतलेले कागद त्या मिळकतीपुरते फुसके असतात. ताईने आपले दोन एकर भावाला सोडले, कारण तिला सोडायचेच होते. मी माझे सोडले नाहीत. भाऊच ते कसतो आणि कसत राहील; पण नाव माझे राहू दे, असे मी त्याला तोंडावर सांगितले, आणि त्यानेही ते ऐकून घेतले.

विकत घेतलेले तीन एकर भावाला दिले. मृत्युपत्र केलेच नसते तर याच तीन एकरांचे माय, भाऊ, ताई आणि मी असे चार सारखे वाटे झाले असते, कारण पहिल्या वर्गातले वारस आम्ही चौघेच. वारसांपैकी कोणाला कमी किंवा काहीच न देता बाकीच्यांना दिले असेल, तर न्यायालय त्याचे कारण शोधते. ते कागदात नसले की संशयाला जागा होते. म्हणून अण्णांनी स्वतःच्या शब्दांत लिहिले की मुलाने १९९६ पासून शेती सांभाळली, आमचे दुखणेखुपणे पाहिले, मुलींच्या शिक्षणाचा आणि लग्नांचा खर्च मी केला आहे, आणि या वाटपाची मुलींना कल्पना आहे.

आणि विहीर! जमिनीची एवढी चर्चा झाली, पण मसुदा वाचताना पाण्याचा उल्लेखच नव्हता. विहीर आहे वडिलोपार्जित गटात, तिच्यात निम्मा हिस्सा चुलत्यांचा. चार दिवस त्यांची पाळी, चार दिवस आमची. विकत घेतलेल्या तीन एकरांना पाणी जाते ते याच विहिरीवरून, मायच्या होऊ घातलेल्या रानातून गेलेल्या पाइपलाइनने. विजेची जोडणी अजून काकांच्या नावावर. गाडीवाट गटाच्या दक्षिण बांधावरून. यातले काहीही न लिहिता फक्त गट नंबर आणि क्षेत्र लिहिले असते, तर भावाला जमीन मिळाली असती आणि पाणी मात्र कोणाच्या तरी मर्जीवर राहिले असते. पाण्याच्या पाळीतला आमचा हिस्सा, मोटार, पाइपलाइन दुरुस्तीसाठी रानात जाण्याचा हक्क आणि गाडीवाट हे सगळे चतुःसीमेसह लिहायला लावले भावानेच. ते आम्हा दोघी बहिणींना कधीच सुचले नसते.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणीही बंधनकारक नाही, आणि मराठवाड्यातल्या मिळकतीसाठी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाकडून प्रमाणित करून घेणे, हेही सक्तीचे नाही. सक्तीचे आहे ते भारतीय वारसा अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ मधले: करणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि किमान दोन साक्षीदार, ज्यांनी त्याला सही करताना पाहिले आहे किंवा ती आपलीच असल्याचे त्याच्या तोंडून ऐकले आहे आणि त्याच्यासमोर स्वतः सह्या केल्या आहेत. पुढे वाद झाला तर या साक्षीदारांपैकी निदान एकाने, हयात असल्यास, न्यायालयात येऊन ते शाबीत करावे लागते. अण्णांनी साक्षीदार म्हणून आपले दोन मित्र ठरवून टाकले होते; दोघेही त्यांच्याच वयाचे. वकीलबाईंनी हसून विचारले, ‘गुरुजी, हे तुमच्यानंतर साक्षीला येणार आहेत ना?’ मग गावातले डॉक्टर आणि अण्णांचाच एक माजी विद्यार्थी, जो आता शेजारच्या शाळेत शिक्षक आहे, असे दोघे ठरले. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, हा संकेत आम्ही पाळला. डॉक्टरांनी त्याच दिवसाच्या तारखेचा दाखला दिला की गुरुजी भानावर आहेत, विचारलेले समजून उत्तरे देतात. तो दाखला मृत्युपत्राला जोडला.

नोंदणी आम्ही तरीही केली. आधी संकेतस्थळावर माहिती भरावी लागते, फी ई-चलनाने भरता येते. खर्च किरकोळ आहे. कार्यालयात अण्णांच्या अंगठ्याचा ठसा यंत्राला उमटेना. आयुष्यभर खडू आणि सुट्टीत खुरपे धरलेल्या बोटांच्या रेषाच झिजल्या होत्या. त्यांनी रुमालाने बोटे पुसली, पुन्हा दाबली, मग थोडे पाणी लावले, आणि शेवटी डाव्या हाताच्या एका बोटाने काम झाले. कारकुनाने मान वर करून मोठ्याने विचारले, ‘बाबा, हे राजीखुशीनं करताय ना? कोणी जबरदस्ती केली का?’ अण्णांनी खड्या आवाजात सांगितले, ‘मी मास्तर होतो. मला कोन जबरदस्ती करतंय?’ मागे रांगेतली माणसे हसली, पण हा प्रश्न उगाच विचारलेला नसतो. ज्यांना कार्यालयापर्यंत जाणे जमत नाही, त्यांच्यासाठी नोंदणी कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे अधिकाऱ्याला घरी बोलावता येते. आणि करणारा हयात असेपर्यंत नोंदलेल्या मृत्युपत्राची नक्कल त्याच्याशिवाय इतरांना मिळत नाही, हे ऐकून अण्णांचा जीव भांड्यात पडला. भावकीत कागद फिरतील ही त्यांची धास्ती होती.

बँकेची आणि निवृत्तिवेतनाची कामे मृत्युपत्राच्या बाहेरची आहेत, पण म्हाताऱ्या माणसाचे रोजचे जगणे त्यांच्यावरच चालते. वारसदार म्हणून नाव लावले की पैसा त्याचा झाला, असा समज सगळीकडे आहे. बँकेच्या ठेवींच्या बाबतीत नामनिर्देशित माणूस पैसे स्वीकारतो ते वारसांसाठी. मालकी ठरते ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. म्हणून नामनिर्देशन आणि मृत्युपत्र दोन्हींत मायचेच नाव ठेवले, आणि खाते ‘दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात’ असे करून घेतले. नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार जणांपर्यंत नावे लावता येतात. अण्णांनी एकच ठेवले. कुटुंब निवृत्तिवेतन मायला मिळेल, ते मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही. पण निवृत्तिवेतनाच्या आदेशात तिचे नाव लग्नातले आणि आधारवर घरचे, जन्मतारखाही वेगळ्या. ही दुरुस्ती अण्णा हयात असताना सोपी होती, नंतर तिला एकटीला फार हेलपाटे पडले असते.

भावाला कुलमुखत्यारपत्र देऊन टाकावे म्हणजे आजारपणात अडचण नको, असेही एकाने सुचवले होते. त्याचा दोष असा की देणाऱ्याची सारासारबुद्धी गेली की मुखत्यारपत्रही संपते, म्हणजे स्मृतिभ्रंशात जेव्हा त्याची खरी गरज असते तेव्हाच ते निकामी होते. अशा माणसाच्या मालमत्तेसाठी पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात, आपल्याकडे औरंगाबाद खंडपीठात, जावे लागते. त्यामुळे मुखत्यारपत्र आम्ही बँक आणि पीकविम्याच्या कामापुरतेच केले.

वैद्यकीय इच्छापत्राचा विषय मात्र अण्णांनीच काढला. मायच्या भावाला, आमच्या मामांना, शेवटचे कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर ठेवले होते आणि नळ्या काढा म्हणायचा धीर कोणाला झाला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरते, आधीसारखे दंडाधिकाऱ्यांकडे जावे लागत नाही. एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे, एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे द्यायची असते. वेळ आली तर निर्णय घरचे एकटे घेत नाहीत. रुग्णालयाचे पहिले आणि दुसरे वैद्यकीय मंडळ इच्छापत्रात नावे असलेल्यांच्या संमतीने तो घेतात. अण्णांनी त्या संमतीसाठी माझे आणि भावाचे अशी दोन नावे दिली. ताईने स्वतःहून नाही म्हटले. ‘माझ्याच्यानं व्हायचं नाही’ हे तिने आधीच सांगितले ते बरे झाले.

मृत्युपत्राचे व्यवस्थापन अण्णांनी माझ्याकडे दिले आहे. मूळ प्रत वकीलबाईंकडे न ठेवता घरातल्या लोखंडी कपाटात ठेवली आणि ती कुठे आहे हे चौघांनाही माहीत आहे. अण्णांच्या मागे तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी देऊन फेरफार घालायचा, हे कपाटाच्या आतल्या बाजूला त्यांनीच कागदावर लिहून चिकटवले आहे.

आता माय म्हणते की तिलाही मृत्युपत्र करायचे आहे. घर आणि दोन एकर तिचे झाल्यावर आणि तिच्या अंगावरचे सोने धरून, तिने काही लिहिले नाही तर ते हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मुलामुलींत सारखे वाटले जाईल. तिला तसे नको आहे. कोणाला काय देणार, असे ताईने विचारले तर म्हणाली, ‘आताच सांगितलं तर समदेच गोड बोलतील.’ हरभऱ्याची रास झाल्यावर वकीलबाईंकडे जायचे ठरले आहे, आणि आपले साक्षीदार आपणच निवडणार, त्यात गुरुजींचा विद्यार्थी नको, हे तिने आधीच बजावले आहे.